लिसनामार्वचा घसा

"तुझी एक वाचक भेटली बघ मघाशी, पोरी," शेजारचा बार्टली क्विन स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाला. बुटांना चिखल होता म्हणून तो आत आला नाही. "फाटकापाशी उभी होती. रस्ता विचारत होती."

डर्व्हला लिन्स्की टेबलावर ताटल्या मांडत होती. हातातली तिसरी ताटली हातातच राहिली. साउनच्या संध्याकाळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, ह्या घरात तीन ताटल्या मांडतात, माणसं दोनच असली तरी. तिसरी कोणाची हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

"कुठला रस्ता?" तिने विचारलं.

"तुझ्या पुस्तकातला, दुसरा कुठला?" बार्टली खूश होता. "हल्ली कोणी ना कोणी येतंच. मागे दोघी जर्मन बाया आल्या होत्या, माझ्या गायींचे फोटो काढून गेल्या. माझ्या गायी आहेत काय गं पुस्तकात? नाही, असल्या तर मला काही मिळायला हवं, म्हणून विचारतो."

"कशी होती ती मुलगी, बार्टली?"

"असेल चौदा-पंधराची. जांभळं जाकीट. एका बाजूचे केस साफ कातरलेले, लोकर काढलेल्या मेंढीसारखे. मनगटावर शाईने काट्यांचं कडं काढलेलं."

डर्व्हलाने ताटली खाली ठेवली. ती मुलगी तिने आठवड्यापूर्वीच पाहिली होती.

डर्व्हलाची पुस्तकं मोठी माणसं वाचत नाहीत, निदान तसं कबूल तरी करत नाहीत. ती वयात येणाऱ्या पोरापोरींसाठी लिहिते. तिच्या 'तळाचं दार'मधली रिओना नावाची मुलगी तळ्याच्या घशातून खाली उतरते, त्या मंडळींनी, म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या अदृश्य लोकांनी, पळवून नेलेल्या आपल्या भावाला परत आणायला. दुसऱ्या भागाच्या शेवटी तिला त्याचा आवाज ऐकू येतो, आणि तिथेच पुस्तक संपतं. तिसरा भाग अजून यायचा होता आणि पोरांचा जीव टांगणीला लागला होता. कितीकांनी रिओनाचं काट्यांचं कडं मनगटावर गोंदवून घेतलं, आणि त्यांच्या आयांनी डर्व्हलाला शिव्या घातल्या. कॉर्कच्या एका पोराने तिला आळशी गाय म्हटलं. एकीने कळवलं, भाऊ परत आला नाही तर दोन्ही पुस्तकं चुलीत घालीन. दुसरी एक म्हणाली, तुमचं पुस्तक उशाशी नसतं तर मी आज जिवंत नसते. डर्व्हलाला ते वाचून रडू आलं होतं, आणि खरं सांगायचं तर मूठभर मांसही चढलं होतं.

शिवाय पुस्तकातली जागा शोधून काढायची चढाओढ लागली होती. काटेरी झाड, दोन उभे दगड, दगडी भिंतीतलं खिंडार. ती सापडण्यासारखीच होती, कारण डर्व्हलाने आपल्या गावातली जागा जशीच्या तशी उचलून पुस्तकात ठेवली होती. इथली जुनी माणसं असल्या गोष्टी सांगताना जागा हटकून बदलतात. ह्या शेतात घडलेलं नेऊन ठेवतात पार मेयोच्या डोंगरात. डर्व्हलाला वाटायचं, ही आपली म्हाताऱ्यांची सवय. तो शहाणपणा होता, हे तिला फार उशिरा कळायचं होतं.

आणि ती मुलगी. कीलिन लोहान. शहरातल्या ग्रंथालयात डर्व्हलाने पुस्तकातला एक भाग वाचून दाखवला, तेव्हा ती शेवटच्या रांगेत होती. सगळ्यांचे प्रश्न संपल्यावर उठली. "माझा भाऊ रोनन वसंतात गेला. मोटरसायकलच्या अपघातात," ती म्हणाली. "ते दार खरंच आहे का?"

डर्व्हलाने तिच्याकडे बघून मायेने मान कलती केली. "आता बघ," ती म्हणाली, "नसेल, असं काही मी म्हणायची नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कीलिनने वाजवल्या नाहीत. तिने फक्त मान हलवली, दुकानदाराने किंमत सांगितल्यावर गिऱ्हाईक हलवतं तशी.

ह्या मुलखाची ही जुनी खोड आहे. इथे कोणी कोणाला तोंडावर 'नाही' म्हणत नाही. पाऊस पडेल का विचारा, 'पडायचा असता तर पडलाही असता' म्हणतील. त्या मंडळींवर विश्वास आहे का विचारा, 'छे, आपला नाही हो, पण त्यांच्या वाटेला कशाला जा?' ताकाला जाऊन भांडं लपवण्यात हे लोक एवढे तरबेज की कधीकधी भांडं कुठे ठेवलं हे त्यांनाच आठवत नाही.

"तुम्ही तिला काय सांगितलंत?" डर्व्हलाने विचारलं.

"मी काय सांगणार? म्हणाली, लिस कुठे आहे. म्हटलं, तुझ्या जागी मी असतो तर आजच्या दिवशी तिकडे फिरकलो नसतो. म्हणाली, पण फिरकलाच असतात तर कुठून? म्हटलं, आता जायचंच म्हटलं तर झाडाजवळ भिंतीला खिंडार आहे."

"जाऊ नकोस म्हणून सरळ का नाही सांगितलंत?"

"तोंडावर?" बार्टलीला खरोखर लागलं. "परक्या पोरीला?"

"आणि पाणी?"

तेव्हा कुठे बार्टलीचा चेहरा उतरला. त्याने टोपी काढून हातात घेतली. "गुरं सकाळीच वर आणली मी," तो हळूच म्हणाला. "डोंगरात पाऊस थांबलेला नाही. घसा दुपारपासून बोलतोय."

घरासमोरची ती सखल जमीन उन्हाळ्यात गवताने भरलेली असते आणि तिथे बार्टलीच्या गायी चरतात. हिवाळ्यात तिथे तळं असतं. ते पाणी नदीतून येत नाही की आभाळातून साचत नाही. डोंगरात पडलेला पाऊस जमिनीच्या पोटातून वाट काढत येतो आणि लिसच्या, म्हणजे त्या मंडळींची म्हणून मानलेल्या जुन्या गोल मातीच्या गढीच्या, पायथ्याशी दगडात एक भोक आहे, त्यातून वर चढतो. त्या भोकाला गाव घसा म्हणतं. वसंतात तोच घसा सगळं पाणी परत गिळतो. चढताना पाण्याचा आवाज होत नाही. त्याआधी मात्र घसा बोलतो, गुळण्या केल्यासारखा, आणि मग गप्प होतो. तो गप्प झाला की पळायचं, हे इथल्या पोरांना चालायच्या आधी शिकवतात.

कॉल्मनलाही शिकवलं होतं. तो डर्व्हलाचा मोठा भाऊ. ती नऊ वर्षांची असताना तो हर्लिंगच्या खेळातला चेंडू काढायला घशात उतरला. पाण्याने त्याला नेलं ते कायमचं. वसंतात पाणी ओसरलं तेव्हा माणसांनी दोऱ्या लावून शोधलं, काही मिळालं नाही. थडगं नाही, दगड नाही. त्याचं नाव ह्या घरात पुन्हा कोणी घेतलं नाही. त्यानंतर घशाला कुंपण घालायला सरकारी माणसं खांब घेऊन आली, पण लिसच्या मातीत लोखंड ठोकायला गावातला एकही गडी तयार होईना. तिथे लोखंड ठोकलं की वर्षाच्या आत घरातलं माणूस जातं. खांब भिंतीशी पडून गंजले. ही हकीगत डर्व्हला मुलाखतींमधून मोठ्या खुबीने सांगायची, आणि लोकांच्या अंगावर काटा यायचा.

आता तिच्या अंगावर आला.

"दोर आणा," ती म्हणाली. "गायीचा, जाड. धावा, बार्टली!"

आतल्या खोलीतून आई आली. डिलिया लिन्स्की ह्या वयातही ताठ चालत असे. "कुठे निघालीस?"

"जरा बाहेर जाऊन येते."

"आज?" आईने खिडकीकडे पाहिलं. दिवस मावळायला आला होता आणि सखलातून धुकं उठत होतं. आजच्या संध्याकाळी गेलेली माणसं घरी परततात म्हणतात, म्हणून ह्या घराचा दरवाजा फक्त ओढून घेतलेला असतो, कडी घालत नाहीत. आईने तो स्वतः उघडून धरला. "कोट उलटा घालून जा," ती म्हणाली.

"आई, आत्ता—"

"उलटा घाल."

डर्व्हला सुलट्याच कोटाने धावत सुटली.

ते शेत तिच्या पायाखालचं होतं. डोळे मिटून गेली असती. भिंतीच्या कडेने उतरायचं, काटेरी झाड आलं की खिंडार, खिंडारातून आत की समोर लिसचा गोल मातीचा बांध. ती भिंतीच्या कडेने गेली. झाड आलं. खिंडार नव्हतं. ती आणखी पुढे गेली, भिंत वळली, आणि पुन्हा झाड आलं. तेच झाड, तीच वाळकी फांदी. धुक्यात भिंत नुसती चालत होती, तिच्या बरोबरीने. डाव्या हाताला कुठेतरी घसा बोलत होता. गळ्यात काहीतरी अडकल्यासारखा, खर्र, खर्र. मग वाटलं उजव्या हाताला.

चकवा. इथल्या मातीत चकव्याचा एखादा तुकडा असतो म्हणतात, त्यावर पाय पडला की आपल्याच अंगणात माणूस हरवतो. डर्व्हलाने तो पुस्तकात वापरला होता. त्यावरचा उतारा, उलटा कोट, तोही लिहिला होता. पण संपादिकेने तो काढायला लावला. वाचक हसतील म्हणाली. डर्व्हलानेही हसून काढला होता.

तिसऱ्यांदा तेच झाड आलं तेव्हा तिची पाचावर धारण बसली. तिने रडत रडत कोट काढला, अस्तर बाहेर करून पुन्हा अंगात घातला. हात बाहीत शिरेना. कसाबसा शिरला, तिने मान वर केली आणि खिंडार समोर होतं, दोन हातांवर. आधीही तिथेच असणार. धुकं हललं असेल. तेवढा विचार करायला तिला वेळ नव्हता, कारण त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की घशाचा आवाज थांबलाय.

ती बांध उतरून काठाशी आली. घसा म्हणजे दगडाचं मोठं नरसाळं. दोन पुरुष खोल, कडेला पायऱ्यांसारखे कपचे, आणि तळाशी काळं भोक. सगळ्यात खालच्या कपच्यावर जांभळं जाकीट दिसत होतं. मुलीच्या हातात फोनचा दिवा होता आणि तो तिने खाली धरला होता. भोक दिसत नव्हतं. त्या जागी पाणी होतं, काळं आणि गुळगुळीत, तिच्या घोट्यांपर्यंत आलेलं. खालून थंड हवा वर येत होती. घसा श्वास सोडत होता.

"कीलिन!"

मुलगी हलली नाही.

"कीलिन! वर बघ!"

तिने वर पाहिलं नाही. पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही, ती मंडळी दोनदाच हाक मारू शकतात. हा इथला जुना नियम, डर्व्हलाने पुस्तकात घातलेला. तिने तिसऱ्यांदा हाक मारली.

"ऐकू आलं," मुलगी म्हणाली. मान वळवली नाही. आवाज थरथरत होता, पण त्यात एक भयंकर समाधान होतं. "तुम्ही येणार हे माहीत होतं मला. दाराचा राखणदार येतोच. ज्याच्यावर आपला सगळ्यात जास्त विश्वास त्याचं रूप घेऊन येतो."

"अगं, मी डर्व्हला. ग्रंथालयात भेटलो आपण."

"हो. तिचंच रूप."

"बाळा, पाणी चढतंय. वर ये, मग आपण बोलू."

"पाणी चढल्यावरच दार उघडतं. तुम्ही... तिनेच लिहिलंय."

"ते पुस्तक आहे गं! गोष्ट आहे!"

"राखणदार हेच म्हणतो. दुसऱ्या भागात. अगदी हेच."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. डर्व्हलाने पहिल्या कपच्यावर पाय ठेवला. शेवाळाने तो सटकला आणि खडा खाली पाण्यात पडला.

"खाली येऊ नका!" मुलगी किंचाळली. "आणखी एक पाऊल टाकलंत तर मी उडी मारीन!"

डर्व्हला जागच्या जागी थिजली. मागे बार्टलीचे बूट वाजले. तो दोर खांद्यावर टाकून बांधाच्या बाहेर उभा होता, कोट उलटा, टोपीही उलटी, आणि पुटपुटत प्रार्थना म्हणत होता. ह्या लिसमध्ये त्याने जन्मात पाऊल टाकलं नव्हतं, त्याच्या बापानेही नाही.

"तुम्ही कोण ते कळायला सोपं आहे," कीलिन म्हणाली. दात वाजत होते, पण शब्द पाठ केलेले होते. "राखणदार गोड बोलतो, खोटंही बोलतो. पण विचारलं तर सरळ 'नाही' म्हणता येत नाही त्याला. मग मी विचारते. रोनन खाली आहे का?"

हा नियमही डर्व्हलाचाच. लिहिताना आपल्याच लोकांची खोड तिने त्या मंडळींच्या माथी मारली होती, गंमत म्हणून. इथल्या मुलखातले वाचक त्या जागी खो खो हसले होते.

"ते..." डर्व्हलाने तोंड उघडलं, आणि जन्माची सवय बाहेर आली. "ते कोण सांगू शकेल, बाळा?"

मुलगी हसली. छोटंसं, ओळख पटल्यासारखं हसू. पाणी तिच्या पोटऱ्यांवर आलं होतं. चढताना ते दिसत नव्हतं. एक कपचा असायचा, आणि मग नसायचा.

"आणि तुमचा भाऊ?" तिने विचारलं. "पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे. 'क.साठी, तो येईपर्यंत.' तो आला का?"

डर्व्हलाला ती ओळ सुचली त्या दिवशी ती स्वतःवर किती खूश झाली होती! ओळ गोड होती आणि तिचा अर्थ कुणाला सांगावा लागत नव्हता. हजारो पोरांनी ती वाचली. एकीने ती वचन म्हणून वाचली आणि बस पकडून इथे आली.

आता फक्त एक शब्द बोलायचा होता. तो शब्द तिच्या तोंडातून कधीच निघाला नव्हता. पोरं शाळेत विचारायची, तुझा भाऊ सापडला का, तेव्हा ती म्हणायची, अजून शोधतायत. मोठेपणी कोणी विचारलं तर म्हणायची, मोठी गोष्ट आहे ती. आई दर साउनला तिसरी ताटली मांडायची आणि रात्री दार खडखडलं की म्हणायची, कोण जाणे. त्या दोन शब्दांवर ते घर उभं होतं. 'नाही' म्हटलं की कॉल्मन मेला. इतकी वर्षं तो मेला नव्हता, नुसता आला नव्हता.

पाणी मुलीच्या गुडघ्यांना लागलं. तिच्या फोनचा दिवा पाण्यात लांब होऊन हलत होता. ती वाकली आणि तिने हात पुढे केला, जणू खालून कोणी धरणार होतं.

"नाही," डर्व्हला म्हणाली. आवाज फुटलाच नाही. नुसती हवा. मग ती ओरडली, घसा फाटेस्तोवर. "नाही! आला नाही तो! कॉल्मन आला नाही! मी वाट पाहिली, आईने पाहिली, अजून पाहते, तो नाही आला! दार नाहीये, कीलिन! खाली दगड आहे आणि पाणी आहे. रोनन तिथे नाही. रोनन कुठेच नाही!"

दगडांनी ते नाव उचललं आणि पाण्यावरून दूर नेलं. कॉल्मन, कॉल्मन. धुक्यात ते घराच्या दिशेने गेलं.

मुलीने मान वळवली. पहिल्यांदाच. दिव्याच्या उजेडात तिचा चेहरा दिसला. इतका लहान चेहरा असेल असं डर्व्हलाला वाटलं नव्हतं.

"मग लिहिलंत कशाला?" ती म्हणाली.

तेवढ्यात पाण्याला खालून उसळी आली. मुलीचे पाय सुटले. फोन पाण्यात गेला, खोल जाईपर्यंत पेटलेला दिसला. डर्व्हला कपच्यांवरून घसरत, खरचटत खाली गेली आणि अंधारात हात घातला. हाताला केस लागले. मग जाकीट. पाणी बर्फासारखं होतं आणि ते ओढत होतं, वर चढता चढता खाली ओढत होतं, दोन्ही एकदम. "बार्टली!" ती ओरडली. "बार्टली!" आणि लिसमध्ये जन्मात न आलेला बार्टली क्विन देवाच्या आईचं नाव घेत बांध उतरला, बुटांच्या टाचा दगडात रोवल्या आणि दोर टाकला. वासराला विहिरीतून काढावं तसं त्याने दोघींना वर खेचलं.

काठावर तिघं पडून राहिली. मागे घशातून एक मोठा बुडबुडा आला आणि फुटला. त्याचा आवाज पाण्याचा नव्हता. कोणीतरी 'ओ' दिली असावी, असा होता.

"बघू नका," बार्टली कुजबुजला. "कोणी मागे बघू नका. चला."

कोणी मागे बघितलं नाही. खिंडारापर्यंत मुलगी हुंदके देत चालली. खिंडारापाशी तिने पुन्हा विचारलं, "लिहिलंत कशाला?"

"मला वाचायचं होतं म्हणून," डर्व्हला म्हणाली. "तो येतो असं कुठेतरी लिहिलेलं मला वाचायचं होतं."

मुलीला ते पटलं की नाही कळलं नाही. तिने डर्व्हलाचा हात मात्र सोडला नाही.

घराच्या दारात आई उभी होती. दार सताड उघडं, अंगावर शाल नाही. तिने भिजलेल्या मुलीकडे पाहिलं, मग डर्व्हलाच्या उलट्या कोटाकडे, आणि बाजूला होऊन सगळ्यांना आत घेतलं. बार्टलीने मुलीच्या आईला फोन लावला आणि पलीकडून जे ओरडणं आलं ते मान खाली घालून ऐकून घेतलं. "चूक माझीच आहे, बाई," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "तोंडावर सांगायला हवं होतं मी."

मुलीला कोरडे कपडे मिळाले, घोंगडी मिळाली. ती टेबलाशी आली आणि जवळ दिसली ती खुर्ची तिने ओढली. भिंतीकडची. डर्व्हलाच्या तोंडाशी शब्द आले. त्या खुर्चीवर कोणी बसत नाही.

"बसू दे," आई म्हणाली.

टेबलावर साउनचा मनुकांचा गोड पाव होता, अजून न कापलेला. आई समोर बसली. हात मांडीवर.

"तिथे नाव घेतलंस," ती म्हणाली. "इथवर ऐकू आलं."

"हो."

"त्याला हाक मारलीस." आईने मान वर केली. ह्या घरात कोणी कोणाला सरळ काही विचारत नसे, आणि आता ती विचारत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मग? तो आला नाही ना गं?"

कोण जाणे, आई. ते दोन शब्द जिभेवर तयार होते, आयुष्यभर तिथेच होते. शिवाय काठावर ऐकलेला तो आवाज तिच्या कानात अजून होता. ते सांगितलं असतं तर आईने आणखी तितकीच वर्षं ताटल्या मांडल्या असत्या. डर्व्हलाने आईचा हात धरला. आपण ह्या बाईला मारतोय असं तिला वाटलं.

"नाही, आई," ती म्हणाली. "नाही आला. येणार नाही."

आई हात सोडवून घेऊन उठली, दारापाशी गेली आणि तिने कडी घातली. मग लाकडावर तळवा टेकून तिथेच उभी राहिली, पलीकडे कोणी असावं आणि त्याने ऐकावं अशी. बार्टलीने फोन खाली ठेवला आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

परत येऊन तिने सुरी घेतली, पावाचा जाड तुकडा कापला, त्याला लोणी लावलं आणि तो तिसऱ्या ताटलीत ठेवला. ताटली मुलीसमोर सरकवली.

त्याच वेळी दार खडखडलं. एकदा, मग पुन्हा. तळ्यावरून वारा सुटला होता. कीलिनच्या हातातला तुकडा थांबला. तिचे डोळे मोठे झाले, दारावरून ते आईच्या तोंडाकडे गेले.

"कोण आहे?" तिने विचारलं.

आईने दाराकडे पाहिलं नाही. तिची हनुवटी कापत होती.

"कोणी नाही, पोरी," ती म्हणाली. "खा तू."